भोपळ्यातली भुणभुण

अक्रा, १७ जानेवारी १९९३

ती. बाबांस,

स्कोलाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मी इथे खुशाल आहे, तुम्हीही सगळे तिकडे तसेच असाल असं धरून चालते. सुग्लो ड्रायव्हरने शिआच्या लोण्याचा डबा आणून दिला. आईने झाकण इतकं घट्ट बसवलं होतं की ते उघडायला स्टुडिओतला पाना लागला.

तुम्ही विचारलंत की चार महिने झाले, तिथे नेमकं करतेस काय. खरं सांगायचं तर तीन महिने नुसत्या केबली गुंडाळल्या. हसू नका. शेतातला दोर गुंडाळण्याइतकं ते सोपं नाही. एक वेटोळं सुलट, पुढचं उलट, असं आळीपाळीने घ्यायचं. नाहीतर आतल्या आत पीळ पडतो आणि तार तुटते, तीही बरोबर गाणं रंगात आल्यावर. आता कुठे मला माइकला हात लावू देतात आणि मोठ्या टेबलाशी उभं राहू देतात. त्या टेबलावर इतक्या कळा आहेत की पहिल्यांदा पाहून मला घरी परत यावंसं वाटलं होतं. मग कळलं की एकच रांग चोवीस वेळा मांडली आहे. एक रांग समजली की सगळं टेबल समजलं.

माझे गुरू अबुग्रे हे बोल्गाटांगाकडचे फ्राफ्रा. म्हणजे आपल्या डगारांचे थट्टेचे सोयरे, तुम्हाला काय सांगायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की तू डगारा ना, मग हे काम कसं जमणार, इथे कान लागतात आणि तुमच्यात तर नुसतं तोंडच वापरतात. मी म्हटलं की फ्राफ्रांचं बरं आहे, मेजवानीत कुत्र्याचं मुंडकं कुणाच्या पानात पडलं एवढं ऐकू आलं की कानाचं काम संपलं. आमचे मालक ओडोईसाहेब इथले, गा जमातीचे आहेत. ते भांडण समजून घाबरून मध्ये पडले. अबुग्रेंनी त्यांना समजावलं की आम्ही दोघं ज्या दिवशी गोड बोलू त्या दिवशी काळजी करा.

आता मुख्य गोष्ट. ओडोईसाहेब रेडिओसाठी उत्तरेकडच्या वाद्यांच्या फिती तयार करताहेत. जील वाजवायला ते एका हॉटेलातल्या माणसाला बोलावणार होते. मी बोलून गेले की लॉऱ्याला माझे बाबा राहतात, ते लाकडी पट्ट्यांचं, खाली भोपळे बांधलेलं जील बनवतात आणि वाजवतातही, आणि हॉटेलवाल्याने त्यांचं ऐकलं तर तो जील विकून कोंबड्या पाळेल. साहेब म्हणाले की बोलाव मग.

अकरा वर्षांपूर्वी काय झालं ते मी विसरले नाही. पण या वेळी काचेच्या अलीकडे मी असेन. तुमचं मनगट चालतंय तोवर तुमचं जील जसं आहे तसं फितीवर घ्यायचं, यासाठीच मी हे शिकायला आले. घरातून निघताना हे बोलायचा धीर झाला नव्हता, म्हणून आता लिहिते. याल का?

आईला नमस्कार, झिएमकाकाला त्याहून जरा कमी. माझ्यावर लोभ आहे तेवढा राहू द्या. त्यात भर पडली तर मी नको म्हणणार नाही.

तुमची,
स्कोला


लॉरा, ६ फेब्रुवारी १९९३

चि. स्कोलास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी दोनदा मनात वाचलं आणि झिएमने एकदा मोठ्याने वाचलं, त्यामुळे आता ते सगळ्या वस्तीचं झालं आहे. तुझ्या त्या फ्राफ्राला माझा निरोप सांग. म्हणावं, आमच्या पोरीला नीट शिकव, नाहीतर तुझ्या मयताला आम्ही येऊ आणि पोटभर जेवून न रडता परत जाऊ.

मी येणार नाही.

तू तेव्हा लहान होतीस. घरात जे कुजबुजलं गेलं तेवढंच तुला माहीत आहे, म्हणून एकदा नीट सांगतो. तो रेडिओचा माणूस वाईट नव्हता. त्याने मला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. मग कानाला ते डबडं लावून म्हणाला की तुमच्या वाद्यात काहीतरी फाटलंय, भुणभुण येते. मी म्हटलं की ती यायलाच हवी, भोपळ्यांच्या भोकांवर कोळ्याच्या घरट्याचा पापुद्रा चिकटवतो तो त्यासाठीच. त्याने मान डोलावली. मी जरा बाहेर जाऊन आलो, तेवढ्यात त्याने सगळ्या भोपळ्यांचे पापुद्रे ओरबाडून काढले होते आणि माझ्यावर उपकार केल्यासारखा हसत उभा होता. मी तसंच वाजवलं. नाही म्हणायला हवं होतं, मला म्हणता आलं नाही. पुढे रेडिओवर ते लागलं तेव्हा मी बाजारात पिटोच्या दारूच्या मडक्यापाशी पीत बसलो होतो. पोरं झाकणं बडवतात तसा आवाज. लोक हसले, आणि मग रेडिओने माझं पूर्ण नाव सांगितलं. त्या दिवसापासून मी बाजारात दुसऱ्या बाजूने जातो.

आता तुझ्याविषयी. मुलींना आपण जीलवर बसवत नाही, म्हणून तुला बसवलं नाही. लोक मला ऐकवतात की मुलगा असता तर विद्या घरात राहिली असती. पण भिंतीच्या फटीतून कोळ्याचं घरटं न फाडता काढावं तर तुझ्याच बोटांनी, हे मी पाहिलं आहे. म्हणून एक बोली करतो. आधी दुसऱ्या कुणाचं तरी जील पकड आणि फीत मला पाठव. मला त्यात लाकूड, भोपळा आणि पापुद्रा तिन्ही ऐकू आले तर मी येईन. झाकणं ऐकू आली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

मनगट बरं आहे. आई बरं नाही म्हणते, तिचं ऐकू नकोस. तिचे आशीर्वाद. ती म्हणते पोरगी वाळली असेल, चवळीचे वडे खा म्हणावं.

माझी माया तुझ्यावर आहेच, ती लिहून दाखवायची मला सवय नाही.

तुझा बाप,
कुनिफा


अक्रा, २२ फेब्रुवारी १९९३

ती. बाबांस,

साष्टांग नमस्कार. वि. वि. तुमचं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग कामाला लागले. तो बाजारचा भाग मी अबुग्रेंनाही वाचून दाखवला. ते थट्टा न करता उठले आणि माइकच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

माइक आमच्याकडे दोन जातींचे आहेत. एक जाडा, दणकट. ढोलासमोर ठेवा, हातातून पाडा, कुरकुर करत नाही. पण त्याला बारीकसारीक कमी ऐकू येतं. दुसरा सडपातळ, त्याला टेबलाकडून वीज पाजावी लागते. ती मिळाली की तो पलीकडच्या माणसाने आवंढा गिळला तरी ऐकतो. जीलसाठी मी सडपातळ जोडी घेतली. टेबलावर काचेत एक सुई असते, आवाजाबरोबर हलते. ती तांबड्यात फार वेळ राहिली की फीत चरचरते, आणि अगदी तळाशी राहिली की फितीची स्वतःची खसखस वर येते. सुईला मधल्या रानात चरायला लावायचं, असं अबुग्रे म्हणतात.

इथे अक्र्याच्या मदिना भागात बयूओ नावाचे आपल्याकडचे एक म्हातारे वादक राहतात. त्यांना विनवून आणलं. दोन माइक लावले तर आवाज पोकळ झाला. अबुग्रेंनी दाखवलं की दोन माइक एकच सूर किंचित मागेपुढे ऐकतात आणि मग एकमेकांना खातात. एक माइक वीतभर इकडे, मग चार बोटं तिकडे, असं सरकवत गेले आणि एका जागी आवाज एकदम भरला. मला इतका आनंद झाला की मी काचेवर हात मारला आणि ती फीत वाया घालवली.

पण बाबा, अर्ध्या तासात भुणभुण निघून गेली. सकाळी होती, मग क्षीण झाली, मग नाहीच. मी माइक बदलला, केबल बदलली, टेबलावरची रांग बदलली. भोपळ्यांकडे मी पाहिलंही नाही, ते तर मदिनातून चांगले भुणभुणत आले होते. दुसऱ्या दिवशी परत तेच. ओडोईसाहेब म्हणतात की ईस्टरपर्यंत जमलं नाही तर ते विजेच्या पेटीवर जीलसारखा आवाज काढून घेतील, ऐकणाऱ्यांना कुठे कळतंय. अबुग्रेंचं म्हणणं की डगारा वाद्यही डगारा माणसासारखंच, सकाळी तेवढं काम करतं. पण तेही काळजीत आहेत. माझ्या यंत्रात काय बिघाड आहे ते कुणालाच सापडत नाही. तुम्हाला यंत्राचं विचारणं हा वेडेपणा आहे, तरी विचारते.

लोभ सांभाळून ठेवा, सध्या मला त्याची गरज आहे.

तुमची,
स्कोला


लॉरा, ८ मार्च १९९३

चि. स्कोलास,

आशीर्वाद. तुझ्या यंत्रात काही बिघाड नाही.

मला सांग, ज्या खोलीत म्हातारा वाजवतो ती थंड करता का? झिएम कुमासीला खाणीच्या साहेबाकडे होता, तो सांगतो की शहरात भिंतीत पेटारा बसवतात आणि त्यातून गार, कोरडी हवा येते. तसं असेल तर तुम्ही त्या खोलीत हरमाटानचा वारा सोडला आहे. हरमाटानात आपण जील उघड्यावर ठेवत नाही, हे तुला ठाऊक आहे. कोरड्या वाऱ्याने पापुद्रा चिकटवायचा चीक तडकतो, पापुद्रा आक्रसतो, एका कडेने सुटतो, आणि बोलायचा बंद होतो. दिसायला जागच्या जागी असतो. बोट लावून पाहा. यंत्र तुला नवं, म्हणून तू सगळा संशय यंत्रावर घेतलास, आणि जे लहानपणापासून ओळखीचं त्याच्याकडे पाहिलं नाहीस. बाहेर शिकायला गेलेल्या माणसाचं हे असं होतं. त्यात लाज वाटून घेऊ नकोस.

पेटारा बंद करा. घाम येईल, येऊ द्या. नवे पापुद्रे तू स्वतः लाव, म्हाताऱ्याची नजर गेली असेल.

आणखी एक, विचारलं नाहीस तरी सांगतो. माइक वाजवणाऱ्याच्या तोंडाशी ठेवू नकोस. वरून पट्ट्यांचा खटका जास्त येतो. मयताला बायका जिथे जमिनीवर बसतात, भोपळ्यांच्या अंगाला, तिथे त्याला बसव.

तुला हे इतकं कळायला लागलं की मला काय विचारायचं तेही कळलं, याचं मला फार बरं वाटलं. मी हे पत्र झिएमला वाचायला दिलं नाही.

आईला दोन दिवस ताप आहे. काळजी नको. माया आहे, आणि ती कोरड्या वाऱ्याने सुटणारी नाही.

तुझा बाप,
कुनिफा


अक्रा, १९ मार्च १९९३

ती. बाबांस,

साष्टांग नमस्कार. वि. वि. पेटाराच होता. बोट लावलं आणि अकरा पापुद्रे हातात आले. मदिनात बयूओ आजोबांच्या गोठ्याच्या भिंतीतून मी नवी घरटी काढली. एसी बंद केल्यावर ओडोईसाहेब अंगातला कोट काढून बसले, मग टायही काढला. एक माइक भोपळ्यांच्या अंगाला, जमिनीपासून हातभर वर ठेवला. तुम्ही लिहिलंत तसं, मयताला बायका बसतात तिथे. बाबा, काय सांगू. अबुग्रे मागे उभे होते आणि पूर्ण वीस मिनिटं त्यांनी मला एकही शिवी दिली नाही.

फीत तुम्हाला पाठवली आहे. हे पत्र लिहून होईपर्यंत सुग्लो लॉरी घेऊन निघून गेला, म्हणून फीत पुढे गेली आणि पत्र टपालाने येतं आहे. आता नीट वाचा. एका बाजूला नाचाचं वाजवलेलं आहे, ती कुठेही लावा. दुसऱ्या बाजूला बाईच्या मरणाची हाक आहे, जीलवरून वस्तीला देतात ती. कुणी गेलेलं नसताना ती वाजवायची नसते हे मला माहीत आहे, मी आजोबांना अडवलंही. पण त्यांची बायको नोव्हेंबरात इथेच गेली. शेजाऱ्यांनी जीलचा आवाज होऊ दिला नाही, तशीच पुरली. काम संपल्यावर ते म्हणाले की पोरी, तुझं यंत्र चालू राहू दे, मला तिला हाक मारायची राहिली आहे. मी राहू दिलं.

ती बाजू घरात लावू नका. नदीकडे एकटे जाऊन ऐका. फीत आधी पोचलीच तर झिएमकाकाच्या हाती लागली नसेल अशी आशा करते.

आईच्या तापाचं कळवा. लोभ असू द्या.

तुमची,
स्कोला


लॉरा, २८ मार्च १९९३

चि. स्कोलास,

आशीर्वाद. फीत झिएमच्या हाती लागली. तुझं पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं.

काय झालं ते सगळं लिहितो. मंगळवारी मी नदीकाठी कांद्याच्या वाफ्यांत होतो. निघालो तेव्हा तुझी आई तापाने निजली होती. सुग्लो येऊन फीत देऊन गेला. झिएमला त्याचं टेप मिरवायला निमित्तच हवं असतं. त्याने नवे सेल घातले, टेप पिटोच्या रिकाम्या रांजणाच्या तोंडावर ठेवलं म्हणजे आवाज घुमेल, फीत कशीतरी घुसवली, कळ दाबली आणि शेजारी तंबाखू मागायला गेला.

मी वाफ्यात वाकलेलो होतो. माझ्या घरातून जील उठलं. बाईच्या मरणाची हाक. स्कोला, मी चाळीस वर्षं ही हाक दुसऱ्यांच्या दारात वाजवली आहे. माझ्या अंगणात ती वाजवणारा माझ्याशिवाय एकच माणूस, झिएम, आणि घरात निजलेली बाई एकच. मी विचार केला नाही. पाट, कुंपण, लोकांची शेतं, कशातून धावलो आठवत नाही. मी रडत होतो, मोठ्याने, पोरासारखा. वाटेत लोक मला पाहून आणखी रडायला लागले.

अंगणात पोचलो तर डोक्याला हात लावलेल्या पंचवीस-तीस बायका, आणि त्यांच्या मधोमध तुझी आई पळी घेऊन उभी. ती झिएमला शोधत होती. बायका तिच्याच गळ्यात पडून तिच्याच नावाने रडत होत्या, आणि ती त्यांना सांगत होती की अगं मी इथे आहे, सोडा, कालवण उतू जातंय. जील अजून वाजत होतं. मी रांजणापाशी गेलो आणि तिथे माणूस नव्हता.

मृत्यू नसताना हाक उठली म्हणून भूमीच्या पुजाऱ्याने कोंबडी मागितली. ती झिएमने दिली, आणि पुजारी निघताना म्हणाला की ती बाजू पुन्हा एकदा लाव, हळू आवाजात. दुसऱ्या दिवशी लांबच्या वस्तीतून लोक सांत्वनाला आले. त्यांना आईने स्वतः पाणी दिलं.

पोरी, खोट्या आवाजाला कुणी धावून आलं नसतं. झाकणं बडवली असती तर लोक हसले असते. तू जो आवाज पकडलास त्याला सगळी वस्ती माणूस समजली आणि रडत आली. मीही आलो. बाजारात आता मी पूर्वीच्याच वाटेने जातो. काल पिटोच्या मडक्यापाशी एकाने विचारलं की हे कुणी केलं, मी म्हटलं माझ्या मुलीने, आणि मग त्याने न विचारताही पुन्हा सांगितलं.

मी ईस्टरच्या आठवड्यात सुग्लोच्या लॉरीने येतो. जील मी मांडीवर घेऊन बसेन.

तुझा बाप,
कुनिफा

स्कोला, मी आई. हे मी सांगते आणि बाबा लिहिताहेत, म्हणून ते यातलं काही गाळतील तर मला कळणार नाही. ताप उतरला. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्याविषयी चांगलं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मंगळवारी तो पायात काही न घालता नदीपासून रडत आला, हे सगळ्या वस्तीने पाहिलं आणि मीही पाहिलं. बायकांना हे मेल्यावर मिळतं, मला उभ्याउभ्या मिळालं. तुझ्या यंत्राला माझा आशीर्वाद सांग.


अक्रा, ११ एप्रिल १९९३

ती. सौ. आईस,

स्कोलाचा नमस्कार. वि. वि. हे झिएमकाकाने वाचून दाखवावं आणि मध्ये स्वतःचं काही घालू नये.

बाबा सुखरूप पोचले. जील तर त्यांच्यापेक्षा जास्त सुखरूप, त्याला गोधडी होती. स्टुडिओत आल्या आल्या अबुग्रे जीलपुढे आडवे झाले आणि म्हणाले की फ्राफ्राला त्याचं देणं मिळाल्याशिवाय इथे एक पट्टी वाजणार नाही. बाबांनी गाठोड्यातून तुझा चवळीचा वडा काढून त्यांच्या तोंडात कोंबला आणि सांगितलं की कुत्र्याचं मुंडकं मागाहून येतंय, तोवर हे चघळ. ओडोईसाहेब आता या गोष्टींना सरावले आहेत. त्यांनी फक्त कोट काढून ठेवला.

मग अबुग्रे टेबलाच्या खुर्चीतून उठले आणि मला बस म्हणाले. आजवर मी त्या खुर्चीमागे उभी राहिले होते. मी बसले, सुई पाहिली, माइक एकदा सरकवून आले, आणि काचेतून बाबांना हात केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, वाजवायला सुरुवात केली. मनगट दुखत होतं, मला दिसत होतं. फितीवर ते ऐकू येत नाही.

संपल्यावर त्यांना आत बोलावून हेडफोन लावले. ते डोळे मिटून बसले. मला वाटलं, त्यांना आवडलं नाही. मग त्यांनी विचारलं की तुम्ही बायका खाली बसून हे असं ऐकत होतात होय. जन्मभर त्यांनी आपलं जील वरूनच ऐकलं होतं. त्यांनी सगळं पुन्हा लावायला सांगितलं, आणि चौथ्या भोपळ्याचा पापुद्रा सैल आहे म्हणून तो बदलून परत वाजवलं. दुसऱ्या वेळचं आपण ठेवलं आहे.

शेवटी फितीच्या डब्यावर लावायचं कार्ड ओडोईसाहेब स्वतः लिहायला बसले. ध्वनिमुद्रण, स्कोलास्तिका. हे माझं पूर्ण नाव त्यांनी मला न विचारता लिहिलं. मग वादकाचं पूर्ण नाव विचारलं. बाबा म्हणाले, लिहा, स्कोलास्तिकाचा बाप. साहेब म्हणाले की रेडिओवर असं नाव चालत नाही, माणसाचं स्वतःचं नाव लागतं. बाबा म्हणाले की हेच माझं नाव आहे, लॉऱ्यात कुणालाही विचारा, गेल्या महिन्यापासून मला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही.

कार्डावर तसंच लिहिलं आहे. गुरुवारी संध्याकाळी रेडिओवरच्या बाई तेच वाचून दाखवतील.

तुझ्या मायेची मागणी करत नाही, ती पुरून उरते आहे.

तुझी,
स्कोला